तक्तेसरांचं मुक्त वेळापत्रक

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे त्यांना तक्तेसर म्हणत. ते गणित शिकवायचे, पण गणित शिकवणारे आणखी तिघं होते. शाळेचं वेळापत्रक बनवणारे मात्र ते एकटेच, गेली अठरा वर्षं. तीस शिक्षक, चोवीस वर्ग, दिवसाचे आठ तास, आठवड्याचे सहा दिवस, हा सगळा पसारा त्यांच्या एकट्याच्या डोक्यात मावतो अशी शाळेची समजूत होती, आणि ती समजूत त्यांनी कधी खोडून काढली नाही. सुरुवातीला ते शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर मोठा तक्ता टांगून त्यावर रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या टाचणीने लावायचे. चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून पंखा बंद. ऐन उकाड्यात तीस माणसं घाम पुसत बसायची, कारण सर विचार करत होते.

पुढे शाळेने एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. टाचण्या गेल्या, सर संगणकासमोर बसले, पण थाट तोच राहिला. कोणी एखादा तास बदलून मागायला आलं की सर पडद्याकडे बघायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "गणितात बसत नाही हो." आता यावर कोण काय बोलणार? भूगोलाच्या बाईंनी गणिताशी भांडायचं तरी कसं? त्या मुकाट्याने परत जायच्या आणि सर पुन्हा माऊस हलवायला लागायचे.

मग एका वर्षी परीक्षा संपता संपता कंपनीचा माणूस आला. बुटांना लकाकी, प्रत्येक वाक्यात दोनदा 'सर'. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती. तिच्यात 'कायमचे नियम' ही सोय साध्या योजनेतून काढून टाकली होती. या सोयीत वेळापत्रक करणाऱ्याला एखाद्या शिक्षकाचा एखादा तास खिळा ठोकल्यासारखा पक्का करता यायचा, तोही आपल्या पासवर्डच्या आड, कोणाला न दिसता. आता ती फक्त 'परिपूर्ण' नावाच्या मोठ्या योजनेत मिळणार होती आणि ती घ्यायला शाळा तयार नव्हती. सरांनी रागारागाने जुनी सगळी वेळापत्रकं परत मागितली, तर कंपनी ती फक्त चित्रांच्या रूपात द्यायला तयार झाली. चित्रातून काही उचलता येत नाही, नुसतं बघता येतं.

"पण माहिती आमची आहे!" सर ओरडले.

"अर्थात तुमचीच आहे सर," तो माणूस मधाळ हसला. "फक्त ती आमच्याकडे आहे, सर."

हा माणूस सरांच्या डोक्यात गेला. दुसऱ्याच दिवशी ते मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन उभे राहिले. आपलं सॉफ्टवेअर आपणच बनवायचं, ते म्हणाले. मुक्त, खुलं. कोणीही उघडून आतला प्रोग्राम वाचावा, सुधारावा, फुकट वापरावा. ज्ञान असं कोंडून ठेवणं पाप आहे. आवाज चढला होता आणि बोट छताकडे गेलं होतं. मुलांचा संगणकाचा छंदवर्ग तेच चालवायचे, त्यामुळे प्रोग्राम लिहिता येत होता, हेही खरं.

मुख्याध्यापिकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना भाषणांची सवय होती. "शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी वेळापत्रक माझ्या टेबलावर पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाही आलं तर कंपनीच्या कागदावर तीन वर्षांसाठी सही करते. मग वेळापत्रकही त्यांचाच माणूस करेल. तुम्ही फक्त गणित शिकवा."

शेवटचं वाक्य सरांना बरोबर जागी लागलं. अठरा वर्षं तक्तेसर असलेल्या माणसाला कोणी नुसते सर करून टाकलं, तर त्याच्याकडे उरतं काय?

आता सरांना स्वातंत्र्याची एवढी तळमळ अचानक का लागली, हे सांगायलाच हवं, कारण ते स्वतः सांगणार नाहीत. मधल्या सुट्टीनंतर पाचवा तास असतो. डबा खाल्ला की सरांना झोप येते. जिन्याखाली नकाशांची खोली आहे. तिथे दोन बाकं जोडलेली, उशाला गुंडाळलेला एखादा खंड, आणि चाळीस मिनिटांची गाढ झोप. ही चैन अठरा वर्षं एक दिवस न चुकता चालू होती. तक्ता होता तेव्हा त्या चौकोनात सर चिठ्ठीच लावत नसत, आणि कंपनीचं सॉफ्टवेअर आल्यावर त्यांनी पहिला 'कायमचा नियम' ठोकला तो हाच. बाकीच्यांना वाटायचं, सरांचा पाचवा तास योगायोगाने मोकळा असतो. तेव्हा ज्ञानाची कोंडी, माहितीची मालकी, वगैरे सगळं ठीक आहे. झोपमोड झाली नसती तर सरांनी त्या कंपनीला जन्मभर आशीर्वाद दिले असते.

सरांनी आपला प्रोग्राम इंटरनेटवर टाकला आणि जगाला हाक मारली. जग आलंही. महिनाभरात त्रेचाळीस जण जमले. सरांनी घरी बायकोला हा आकडा तीनदा सांगितला. बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. माणसाच्या आत काय आहे ते बघून रोज घरी येणारी बाई, तिला आकड्यांचं काय कौतुक!

"त्रेचाळीस जण काय करतायत?" तिने विचारलं.

"चर्चा चालू आहे."

चर्चा सॉफ्टवेअरच्या नावावर चालू होती. ती सव्वीस दिवस चालली. एकाला नाव छोटं हवं होतं, एकाला कुठल्याही भाषेत वाईट अर्थ नसलेलं हवं होतं, आणि एकाने आपल्या मांजराचं नाव सुचवून त्यावर मतदान मागितलं. सव्विसाव्या दिवशी सरांनी 'मुक्त वेळापत्रक' असं नाव जाहीर केलं, तेव्हा चौघं रुसून निघून गेले. जाताना त्यातल्या दोघांनी प्रोग्रामची प्रत उचलली, दुसरीकडे वेगळी चूल मांडली आणि तिथे पुन्हा नावावरूनच भांडत बसले. नियमाने ते बरोबरच होतं म्हणा, मुक्त म्हणजे कोणीही उचलून न्यावं. पण सरांच्या तोंडाची चव गेली.

उरलेल्यांची तऱ्हा काय सांगावी! एक महाशय होते, त्यांना सर मनातल्या मनात 'पाडापाडी' म्हणायचे. त्यांचं म्हणणं एकच, हे सगळं पाडा आणि नव्या भाषेत पहिल्यापासून लिहा. ते रोज चार पानं लिहायचे, पण त्यात प्रोग्रामची एक ओळ नसायची. दुसरे एक 'रंगारी' होते. वेळापत्रक अजून तयारच होत नव्हतं आणि यांनी त्याच्या चौकोनांच्या रंगांबद्दल सत्तर तक्रारी नोंदवल्या. तिसरे फक्त सूचनापत्रातले स्वल्पविराम सुधारायचे आणि दर वेळी आपलं नाव योगदान देणाऱ्यांच्या यादीत वर सरकलं का ते बघायचे. कुठल्याशा शाळेने एक दिवस खरमरीत पत्र पाठवलं: तुमचं सॉफ्टवेअर आमच्याकडे चालत नाही, उद्यापर्यंत दुरुस्त करा, आमची गैरसोय होत आहे. जणू काही सर त्यांचे पगारी नोकर. सरांनी दात ओठ खात नम्र उत्तर लिहिलं. फुकट देणाऱ्याला नम्र राहावं लागतं, नाहीतर लोक लगेच म्हणतात, मिजास बघा.

कंटाळवाणं काम मात्र कोणालाच नको होतं. कंपनीने दिलेल्या चित्रांवरून गेल्या वर्षाचं वेळापत्रक चौकोन चौकोन बघून पुन्हा टाइप करायचं होतं. त्यासाठी उरलेल्या एकोणचाळिसांपैकी एकाचंही बोट हललं नाही. ते शेवटी बायकोने केलं, दोन रविवार बसून.

"सगळ्या जगाला मोकळं करायला निघालात," ती टाइप करता करता म्हणाली, "आणि माझा रविवार तेवढा बांधून ठेवलात."

सर हसले. त्यांना ते कौतुक वाटलं.

प्रोग्राम तपासायला खरी माहिती हवी, असा मदतनिसांचा आग्रह होता. म्हणून सरांनी सुट्टीतच शिक्षकांची बैठक घेतली. प्रत्येकाने आपल्या अडचणी नियमांच्या रूपात लिहायच्या. नावं जाहीर नको म्हणून हजेरीपटाच्या क्रमाने शिक्षक एक, शिक्षक दोन असे आकडे द्यायचे. आणि प्रत्येक नियमापुढे कारण लिहायचंच. ही कारणाची कल्पना मुळात कुठल्यातरी परदेशी मदतनिसाची, पण सरांनी ती आपलीच म्हणून सांगितली. "खुलेपणा म्हणजे खुलेपणा," ते म्हणाले. "नियमांचा कागद सगळ्या जगाला दिसेल. कोणालाही चूक दिसली तर त्याने उघड लिहावं. माझी असली तरी."

लोकांनी बिचाऱ्यांनी खरंच लिहिलं. गुडघा दुखतो, तिसऱ्या मजल्यावर लागोपाठ दोन तास नकोत. मुलगी बालवाडीतून लवकर सुटते. सोमवारी पहिल्या तासाला प्रयोगशाळेत पाणी येत नाही. सरांचा नियम त्या यादीत सातवा होता, हजेरीपटावरही ते सातवेच. शिक्षक सात: पाचवा तास रोज मोकळा, बदलीवर बसणार नाही. कारण: तांत्रिक.

बैठकीत एक बाई काहीच न लिहिता बसल्या होत्या. त्या शिवणाच्या बाई. सरांनी विचारलं तर म्हणाल्या, "आता माझी काही अडचण नाही, सर."

पूर्वी होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या आईला पक्षाघात झाला. घर शाळेपासून दहा मिनिटांवर. मधली सुट्टी अर्ध्या तासाची. जायला दहा, यायला दहा, आणि उरलेल्या दहा मिनिटांत अर्धं तोंड न हलणाऱ्या माणसाला भरवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे. सुट्टीला लागून पाचवा तास मोकळा मिळाला असता तर सगळं निभावलं असतं. त्या दर वर्षी मागायच्या, दर वर्षी सर चष्मा कपाळावर चढवायचे. धापा टाकत वर्गात उशिरा पोहोचल्याबद्दल बाईंना दोनदा लेखी समज मिळाली. सहा वर्षं त्यांनी ही धावपळ केली आणि मग हात टेकले. आईला दुसऱ्या गावी भावाकडे नेऊन ठेवलं. तिथे तीन वर्षांनी ती गेली. शाळेतले सगळे भेटायला गेले होते, सरही गेले होते. दोन घटका बसले आणि निघताना म्हणाले, "तुम्ही तुमच्याकडून शक्य ते सगळं केलंत, बाई."

शाळा उघडायला पंधरा दिवस राहिले. सर रोज सकाळी प्रोग्राम चालवायचे. तो दहा मिनिटं घरघरायचा आणि पडद्यावर दोन शब्द उमटायचे: उत्तर नाही. मदतनिसांना तर उधाण आलं. पाडापाडी म्हणाले, मी पहिल्यापासून सांगत होतो. आणखी दोघांनी प्रोग्रामचा गाभाच बदलून दाखवला, आता तो चार मिनिटांत म्हणायला लागला, उत्तर नाही. रंगारींनी ते शब्द लाल करावेत असं सुचवलं. सर चिडचिडे झाले, घरी ताटावर बसून भिंतीकडे बघायला लागले. गेल्या वर्षीपर्यंत बसत होतं ते यंदा का बसत नाही? फरक एवढाच होता की एक शिक्षक निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरली नव्हती. तीसचे एकोणतीस झाले होते. गणिताच्या शिक्षकाला एवढ्यावरून कळायला हवं होतं. पण सरांच्या डोळ्यांना आपला सातवा नियम हा नियम म्हणून दिसतच नव्हता. शाळेला पाया असतो, भिंती असतात, तशी त्यांना पाचव्या तासाला झोप असते. भिंत मधे येते असं कोणाला वाटतं का?

शिवणाच्या बाईंना वाटलं. त्यांना प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आयुष्यभर कमी कापडात जास्त तुकडे बसवले होते. त्यांनी नियमांचा तो जाहीर कागद छापून घेतला, शिवणवर्गातल्या लांब कापणीच्या टेबलावर चिठ्ठ्या कापून मांडल्या आणि एकेक तास वेगळा काढून बघितला. पाचवा तास आला आणि त्या थांबल्या. मग शुक्रवारी सकाळी, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, मुक्त वेळापत्रकाच्या पानावर सगळ्या जगाला दिसेल असं त्यांनी लिहिलं:

"पाचव्या तासाला २९ पैकी २४ शिक्षक वर्गात. ४ जण बालवाडीच्या मुलांच्या डब्याजवळ. उरतो १. कोणी गैरहजर असेल तर त्या वर्गावर जायला तो बदलीवर हवा. पण नियम ७ म्हणतो, शिक्षक ७ वर्गात नाही, डब्याजवळ नाही, बदलीवरही नाही. माणूस कमी पडतो. नियम ७ काढून बघा. गेल्या वर्षी ३० होते तेव्हा २ उरायचे, म्हणून चालून गेलं. तांत्रिक म्हणजे काय?"

तासाभरात पाडापाडींनी उत्तर दिलं, आयुष्यात पहिल्यांदाच एका शब्दात: "बरोबर." त्याखाली कोणीतरी विचारलं, "हे शिक्षक सात कोण?"

सरांनी ते दोनदा वाचलं. पहिला विचार आला तो ते लिखाण पुसून टाकायचा. पण पुसून उपयोग नव्हता, एव्हाना त्याच्या प्रती एकोणचाळीस संगणकांवर गेल्या होत्या. ही व्यवस्था सरांनीच मोठ्या अभिमानाने लावली होती. मग त्यांनी काय केलं? सांगायला लाज वाटते. बालवाडीच्या डब्याजवळचे चार शिक्षक त्यांनी तीन करून बघितले. दीडशे चिल्लीपिल्ली, हातात डबे, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि तिघं जण. बसलं! उत्तर आलं! पण बदल साठवताना प्रोग्रामने कारण विचारलं, आणि एवढ्या जगासमोर ते कारण लिहायची हिंमत सरांना झाली नाही. तेव्हा त्यांनी कंपनीच्या त्या मधाळ माणसाला फोन लावला.

"परिपूर्ण योजनेत कायमचे नियम कोणाला दिसतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणालाच नाही, सर. अगदी निर्धास्त राहा, सर."

बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, पान तर सकाळीच वाचलं होतं, आणि सुट्टीतही जेवण झालं की सरांचे डोळे मिटतात हे तिला रोज दिसत होतं.

"झोपेसाठी?" ती म्हणाली. "अठरा वर्षं मला वाटायचं, तुम्ही दमून येता."

सरांनी फोन ठेवला.

शनिवारी सगळे शिक्षक जमले. मुख्याध्यापिकांच्या टेबलावर एका बाजूला कंपनीचा कागद होता, वर पेन ठेवलेलं. त्या म्हणाल्या, "तक्तेसर, शिक्षक सात कोण ते मला हजेरीपटावरून कळतं. पण तुमच्या तोंडून ऐकू द्या."

सरांनी बाकांकडे बघितलं. गुडघा दुखणारे होते, मुलगी लवकर सुटणाऱ्या होत्या. "मी," ते म्हणाले. "झोपायचो. नकाशांच्या खोलीत."

कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सरांनी सगळ्यांसमोर सातवा नियम काढला आणि प्रोग्राम चालवला. पडदा चौकोनांनी भरून गेला, एकही जागा रिकामी नाही की कोणी दोन ठिकाणी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिकांनी कंपनीचा कागद खणात टाकला. इंटरनेटवर एकोणचाळीस जणांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, पहिली आवृत्ती आली म्हणून, आणि सगळ्यात वर तक्तेसरांचं नाव घातलं. स्वल्पविरामवाले यादीत तिसऱ्या जागी आले. शिवणाच्या बाईंचं नाव घालायचं कोणाला सुचलं नाही.

बाई तेवढ्यात उठून गेल्या होत्या. सर त्यांच्या मागोमाग शिवणवर्गात गेले. बाई टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करत होत्या. सर दाराशीच उभे राहिले. जिंकून आलेला माणूस इतका केविलवाणा दिसतो, हे शाळेने कधी पाहिलं नसेल.

"बाई, माझ्या खरंच लक्षात आलं नाही हो," ते म्हणाले. "मुद्दाम नव्हतं."

"मुद्दाम नव्हतं ते दिसतंय, सर."

"तुम्ही तेव्हा जरा जोर धरायला हवा होता. भांडायला हवं होतं माझ्याशी."

बाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा नीट केला, कडा जुळवल्या.

"आईला भावाकडे न्यायच्या दिवशी ती ऐकेचना," त्या म्हणाल्या. "तिला धड बोलता येत नव्हतं, तरी दाराची चौकट धरून बसली. म्हणे, तुझ्या शाळेतला तो माणूस खोटं बोलतो. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, सरांबद्दल असं बोलायचं नाही, ते सगळ्यांचं बघतात. तिची बोटं मीच सोडवली चौकटीवरून."

त्यांनी गठ्ठा सरांच्या हातात दिला.

"आईशी मी जन्मात एकदाच भांडले, सर. तुमच्या बाजूने."